युग्मनजाचे पुढे काय होते? शैवालांचे वर्गीकरण, जीवनचक्रे आणि जमिनीवरची पहिली पावले

प्रश्न थोडक्यात असा आहे. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: एका पुस्तकात शैवाले वनस्पतींत आहेत, दुसऱ्यात प्रोटिस्टात (बहुतांश एकपेशी केंद्रकयुक्त जीवांच्या गटात), आणि नीलहरित शैवाले तर थेट जिवाणूंत, मग खरे काय? स्पायरोगायरा, उल्वा, फ्युकस, पॉलिसिफोनिया या शैवालांची जीवनचक्रे पाठ करूनही परीक्षेत सरमिसळ होते, ती लक्षात कशी ठेवायची? आणि जमिनीवरच्या वनस्पतींचा सर्वांत जवळचा नातलग कारा हे शैवाल नसून स्पायरोगायराचा गट आहे, हे वाचले पण पटले नाही. कारा तर दिसायलाच झाडासारखे आहे.

तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गुंता आहे. कोणाचे कोणाशी नाते आहे, हा एक प्रश्न. कोण आयुष्य कसे काढतो, हा दुसरा. पाठ्यपुस्तकांत दोन्ही एकाच तक्त्यात येतात आणि विद्यार्थी एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू लागतात. तसे करू नका. नाते हरितलवकाकडे (पेशीतला प्रकाशसंश्लेषण करणारा भाग) आणि कशाभिकांकडे (पोहण्याचे चाबकासारखे धागे) बघून ठरते. जीवनचक्र कळते ते युग्मनजाकडे, म्हणजे दोन युग्मके (लैंगिक पेशी) एकत्र येऊन बनलेल्या पेशीकडे, बघून. हे दोन वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आधी नाते. ‘शैवाल’ हे एका घराण्याचे नाव नाही. प्रकाशसंश्लेषण करणारे, बहुधा पाण्यात किंवा ओलीवर राहणारे, खरी मुळे-खोड-पाने नसलेले आणि भ्रूण न बनवणारे जे जे आहे, त्या सगळ्यांना सोयीसाठी दिलेले ते नाव आहे. लिनियसने १७५३ मध्ये फुले नसलेल्या सगळ्यांना क्रिप्टोगॅमिया नावाच्या चोविसाव्या वर्गात घातले. त्यात नेचे, मॉस, शैवाले आणि बुरशी अशी चार दालने होती. १८३६ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हार्वे यांनी समुद्री शैवाले रंगावरून वेगळी केली: हिरवी, तपकिरी, लाल आणि डायटम (काचेसारख्या कवचाची एकपेशी शैवाले). रंगावरून वर्ग करणे वरवरचे वाटते, पण इथे ते चांगलेच लागू पडले, कारण रंग हरितलवकातल्या रंगद्रव्यांमुळे येतो आणि हरितलवकाला स्वतःचा मोठा इतिहास आहे. शैवालतज्ज्ञ फ्रिच यांनी १९३५ मध्ये मांडलेले अकरा वर्ग तुम्ही अभ्यासत असालच. त्यांचे निकष होते रंगद्रव्ये, साठवलेले अन्न आणि कशाभिकांची संख्या, जागा व रचना. हे निकष आजही खणखणीत आहेत. बदलले आहे ते अकरा वर्गांचे एकमेकांशी असलेले नाते.

ते का बदलले, हे समजायला हरितलवकाचा जन्म माहीत हवा. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका केंद्रकयुक्त पेशीने सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू, गिळला, पण पचवला नाही. तोच पुढे हरितलवक झाला. या एका घटनेतून तीन शाखा निघाल्या: लाल शैवाले, हिरवी शैवाले आणि ग्लॉकोफाइट नावाचा छोटा गट. या तिघांच्या हरितलवकाभोवती दोनच पटले असतात. या शाखेला आर्किप्लास्टिडा म्हणतात आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती तिच्यातच येतात. नीलहरित शैवालांना जिवाणूंत का टाकले, हेही इथेच कळते. त्यांना केंद्रकच नाही. हरितलवकाचा तो मूळ पूर्वज जिवाणू होता, आणि ही मंडळी त्याच गोतावळ्यातली आहेत.

पुढे आणखी एक वळण आले. एका वेगळ्याच, रंगहीन पेशीने अख्खे लाल शैवाल पोटात घेतले. त्या वंशाच्या हरितलवकाभोवती चार पटले दिसतात. तपकिरी शैवाले आणि डायटम या बाजूचे. म्हणून समुद्रातले मोठे केल्प (तपकिरी शैवाले) दिसायला वनस्पती असले तरी नात्याने ते बटाट्यावर करपा पाडणाऱ्या फायटोफ्थोराच्या जवळ आहेत. फुलझाडाचे नाते तपकिरी शैवालापेक्षा लाल शैवालाशी कितीतरी जवळचे आहे. युग्लिनाचेही असेच. त्याने हिरवे शैवाल गिळले, म्हणून त्यात क्लोरोफिल ए आणि बी आहे, पण हरितलवकाला पटले तीन आहेत, साठा पॅरामायलॉनचा आहे, आणि त्याचे खरे भाऊबंद ट्रिपॅनोसोमा हे परजीवी आहेत.

हे प्रयोगशाळेत हाताने अनुभवायचे असेल तर एक साधी गोष्ट करा. एका काचपट्टीवर स्पायरोगायरा ठेवा, दुसऱ्यावर व्हाउचेरिया. दोन्ही हिरवेगार, दोन्ही धाग्यासारखे. दोन्हींवर आयोडीनचा एकेक थेंब सोडा आणि थोडे थांबून बघा. स्पायरोगायराच्या फितीसारख्या हरितलवकावर ओळीने असलेले पायरेनॉइड (हरितलवकातल्या घट्ट गाठी) काळसर निळे होतात, कारण त्यांच्याभोवती स्टार्च असतो. व्हाउचेरियात ते निळे ठिपके दिसत नाहीत. त्याचा साठा तेलाचा, म्हणून नुसते चकचकीत थेंब दिसतात. धाग्यात आडवे पडदेही नसतात, एकच लांब नळी आणि तिच्यात असंख्य केंद्रके. व्हाउचेरिया रंगाने हिरवे असूनही पीतहरित गटातले, म्हणजे डायटम आणि तपकिरी शैवालांच्या बाजूचे आहे. फ्रिच यांचा ‘साठवलेले अन्न’ हा निकष किती बोलका आहे ते या एका थेंबात दिसते.

आता पुस्तकांतला विरोधाभास. बरेच जण लिहितात की जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी शैवाले प्रोटिस्टात टाकली. १९६९ च्या त्यांच्या पाच सृष्टींच्या मांडणीत लाल, तपकिरी आणि हिरवी ही तिन्ही शैवाले वनस्पतिसृष्टीतच होती. युग्लिना, डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट यांचे गट प्रोटिस्टात गेले. सगळीच शैवाले तिकडे हलवणारी मांडणी नंतर मार्ग्युलिस यांची. म्हणजे तुमची दोन पुस्तके दोन वेगवेगळ्या मांडण्या सांगत आहेत. त्यातल्या एकीला खोटे ठरवायची गरज नाही, पण आज नात्याचा नकाशा म्हणून दोन्ही अपुऱ्या आहेत. ‘प्रोटिस्टा’ हा उरलेल्यांचा गट आहे, घराणे नव्हे.

आता जीवनचक्रे. हॅप्लॉन्टिक, डिप्लॉन्टिक, हॅप्लोडिप्लॉन्टिक ही नावे आधी शिकवून मग उदाहरणे देण्याची पद्धत मला मान्य नाही. नावे मागाहून येऊ द्या. प्रत्येक शैवालासमोर दोनच प्रश्न विचारा. पहिला: युग्मनज तयार झाल्यावर त्याच्या केंद्रकाचे पहिले विभाजन मायोसिस (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे) आहे की मायटोसिस (संख्या तीच ठेवणारे)? दुसरा, पहिल्याचे उत्तर मायटोसिस असेल तरच: पुढे केव्हातरी मायोसिस होते तेव्हा थेट युग्मके बनतात की बीजाणू (मीलनाशिवाय उगवणाऱ्या पेशी)?

पाणी आटत चाललेल्या डबक्यातले स्पायरोगायरा सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. दोन धागे शेजारी समांतर येतात, समोरासमोरच्या पेशींतून फुगवटे निघतात, भेटतात, मधला पडदा विरघळतो आणि शिडी तयार होते. मग एका धाग्यातील पेशीचा सगळा ऐवज आकसून नळीतून पलीकडे सरकतो. बहुतेक वेळा एका धाग्यातल्या पेशी ओळीने रिकाम्या आणि दुसऱ्यातल्या भरलेल्या दिसतात. इथे कशाभिका कुठेच नाहीत, पोहणे नाही, युग्मक अमीबासारखे सरकते. तयार झालेल्या युग्मनजाभोवती जाड, तपकिरी भित्तिका चढते आणि तो झायगोस्पोर तळाशी बसून कोरडे दिवस काढतो. उगवण्यापूर्वी त्याच्या केंद्रकाचे पहिले विभाजन मायोसिसच असते. चार केंद्रके बनतात, तीन नष्ट होतात, एक उरते आणि एकच नवा धागा निघतो. एका मीलनातून एकच संतती, हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. क्लॅमिडोमोनसमध्येही हेच, फक्त तिथे साधारणपणे चारही केंद्रकांचे चार पोहणारे जीव होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मायोसिस, म्हणजे द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) अवस्था फक्त युग्मनजापुरती. यालाच हॅप्लॉन्टिक म्हणतात.

फ्युकसमध्ये उत्तर उलटे. युग्मनज मायटोसिसने वाढत जातो आणि त्याचेच पूर्ण शैवाल होते. मायोसिस होते ते जननेंद्रियांत, आणि त्यानंतर काही मायटोसिस होऊन अंडधानीत आठ अंडी, पुंधानीत चौसष्ट शुक्रपेशी तयार होतात. स्वतंत्र जगणारी एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) पिढी नाहीच. हे डिप्लॉन्टिक. सरगॅसमचेही तसेच, फक्त अंडधानीत आठांपैकी एकच अंडे टिकते. डायटमही याच रांगेत बसतात.

उल्वात युग्मनजापासून द्विगुणित पाते बनते, त्यात मायोसिस होऊन चार कशाभिकांचे बीजाणू सुटतात, त्यांपासून एकगुणित पाते बनते आणि ते दोन कशाभिकांची युग्मके सोडते. दोन्ही पाती नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत. सुटलेल्या पेशीच्या कशाभिका मोजल्या तर मात्र कळते. हे हॅप्लोडिप्लॉन्टिक. लॅमिनेरियात हाच क्रम, पण द्विगुणित पिढी कित्येक मीटर लांब आणि एकगुणित पिढी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी.

या दोन पिढ्या दिसायला किती वेगळ्या असू शकतात, याचे सर्वांत सुंदर उदाहरण लाल शैवालांत आहे आणि ते मला प्रत्येक वर्गात सांगावेसे वाटते. पोर्फायरा हे खाण्याचे लाल शैवाल जपानमध्ये शतकानुशतके वाढवले जात होते, पण त्याचे ‘बी’ येते कुठून हे कोणालाच ठाऊक नव्हते. उन्हाळ्यात ते नाहीसे व्हायचे, थंडीत पुन्हा उगवायचे. कॅथलीन ड्र्यू यांनी ब्रिटनमधल्या पोर्फायराचे बीजाणू शिंपल्यांवर वाढवून पाहिले. ते शिंपल्याच्या चुन्यात शिरले आणि त्यातून गुलाबी, अगदी बारीक धाग्यांचे जाळे तयार झाले. असे धागे पूर्वीच माहीत होते, पण १८९२ पासून ते कॉन्कोसेलिस रोझिया या वेगळ्याच शैवालाच्या नावाने नोंदलेले होते. एकाच जीवाच्या दोन पिढ्यांना दोन नावे! १९४९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जपानी संशोधकांनी ते आपल्या जातींवर पडताळून शिंपल्यांवर बीजाणू तयार करण्याची पद्धत बसवली. तिथल्या नोरीच्या शेतीचा पाया त्यावर उभा आहे. ड्र्यू स्वतः जपानला कधी गेल्या नाहीत. त्यांचे स्मारक मात्र १९६३ पासून कुमामोतो प्रांतातल्या उतो इथे आहे.

पॉलिसिफोनियाची भीती वाटते ती त्याच्या तीन अवस्थांमुळे. आपले दोन प्रश्न इथेही चालतात. लाल शैवालांना कोणत्याही अवस्थेत कशाभिका नसतात. नराची पेशी पाण्याबरोबर वाहत येते आणि मादीच्या कार्पोगोनियमच्या (अंडे धरणाऱ्या पेशीच्या) लांब केसाला चिकटते. म्हणजे गाठ पडणे दुर्मीळ. २०२२ मध्ये ग्रॅसिलेरियाच्या एका जातीवर दाखवले गेले की आयडोटिया नावाचा छोटा कवचधारी प्राणी या पेशी अंगावर वाहून नेतो आणि फलनाचे प्रमाण वाढवतो. फुलावरच्या कीटकांसारखेच काम, समुद्रात. गाठ दुर्मीळ असेल तर एका फलनाचा जास्तीत जास्त उपयोग करून घेणे फायद्याचे. म्हणून युग्मनज आधी मादीच्याच अंगावर मायटोसिसने वाढतो. ही कार्पोस्पोरोफाइट अवस्था, आणि ती पुष्कळ द्विगुणित बीजाणू सोडते. त्यांपासून टेट्रास्पोरोफाइट होतात. मायोसिस तिथे होते, चार-चार बीजाणूंच्या गटांत. कार्पोस्पोरोफाइट ही जादाची अवस्था म्हणजे एका युग्मनजाच्या अनेक प्रती काढण्याची सोय आहे, एवढे कळले की आकृती पाठ करावी लागत नाही.

आता तुमचा तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न. हिरव्या शैवालांच्या दोन शाखा आहेत. क्लोरोफायटा शाखेत क्लॅमिडोमोनस, उल्वा, व्हॉल्वॉक्स, युलोथ्रिक्स. स्ट्रेप्टोफायटा शाखेत कारा, कोलिओकीट, स्पायरोगायरा, डेस्मिड आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती. ही फाळणी पेशीविभाजनाच्या आणि कशाभिकांच्या बारीक रचनेवरून १९७० च्या दशकात पुढे आली आणि डीएनएने ती पक्की केली. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये वर्णिलेले, फ्रिच यांच्या नावाचे फ्रिचिएला या दृष्टीने फार बोधक आहे. ते ओल्या मातीत राहते, काही फांद्या जमिनीत आणि काही वर, म्हणून अनेकांनी त्यात जमिनीवरच्या वनस्पतींचा पूर्वज पाहिला. आज ते क्लोरोफायटात बसते. दिसण्यावरून नाते ठरवू नये, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कारा भिंगाखाली बघितले आहे का? पेऱ्यांवर आखूड फांद्यांचे झुबके, त्यांच्या कुशीत अंडधानी आणि तिच्या खाली नारिंगी गोळ्यासारखी पुंधानी. अंडधानीभोवती पाच नळीसारख्या पेशी पीळ घालून वर चढतात आणि टोकाला पाच पेशींचा मुकुट करतात. नायटेलात तो दहा पेशींचा असतो. शुक्रपेशी दोन कशाभिकांची, मळसूत्री, थेट मॉसच्या शुक्रपेशीची आठवण करून देणारी. टोकाकडून वाढ, पेशींना जोडणारे प्लाझ्मोडेस्माटा, सगळे झाडासारखे. तुमची शंका रास्तच आहे, बरीच वर्षे तज्ज्ञांचेही तसेच मत होते. पण आपला प्रश्न विचारा: काराचा युग्मनज पहिल्यांदा काय करतो? मायोसिस. म्हणजे एवढे गुंतागुंतीचे शरीर पूर्ण एकगुणित आहे आणि जीवनचक्र स्पायरोगायरासारखेच हॅप्लॉन्टिक.

शेकडो जनुके एकत्र तपासणारे २०१४ आणि २०१९ चे मोठे अभ्यास स्पायरोगायराच्या गटाला जमिनीवरच्या वनस्पतींच्या सर्वांत जवळ ठेवतात. २०१९ मध्ये याच गटातल्या स्पायरोग्लिया आणि मेसोटिनियम यांचे जीनोम वाचले गेले, आणि कोरडेपणाला तोंड देण्याशी संबंधित काही जनुककुळे फक्त या गटात आणि जमिनीवरच्या वनस्पतींत सामायिक आढळली. त्यांतली काही मातीतल्या जिवाणूंकडून आलेली असावीत, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. मग स्पायरोगायरा इतके साधे का? बहुधा त्याच्या पूर्वजांनी कशाभिका आणि फांद्यांची रचना गमावली म्हणून. साधे म्हणजे जुने, असे नसते.

जमिनीवरच्या वनस्पतींनी खरा बदल केला तो युग्मनजातच. कोलिओकीटमध्ये त्याची चाहूल दिसते: युग्मनज मातृशरीरावरच राहतो, आसपासच्या पेशी त्याला वेढतात, आणि त्यातून ८ ते ३२ चलबीजाणू निघतात. तरीही त्याचे द्विगुणित शरीर होत नाही. ते पाऊल सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याआधी पडले. युग्मनज आर्किगोनियमच्या (अंडे धरणाऱ्या सुरईसारख्या अवयवाच्या) आत राहिला, मायोसिस लांबणीवर पडले, मायटोसिस सुरू झाले, आईच्या पेशी अन्न पुरवू लागल्या आणि भ्रूण तयार झाला. म्हणूनच या सगळ्यांना एम्ब्रियोफायटा म्हणतात. आता स्पायरोगायराचा तो आकडा आठवा. जमिनीवर शुक्रपेशीला पोहायला पाणी क्वचितच मिळते, म्हणून एका फलनातून एकच संतती परवडत नाही. युग्मनजाचा फ्युनारिया या मॉससारखा बोंड धरणारा स्पोरोफाइट (बीजाणू देणारी द्विगुणित पिढी) झाला, तर त्याच एका फलनातून हजारो बीजाणू मिळतात. बॉवर यांनी १९०८ मध्ये मांडलेला हा तर्क मला आजही सर्वांत समाधानकारक वाटतो. युग्मनजाच्या भित्तिकेला टिकाऊ करणारे द्रव्यही जागा बदलते: शैवालांत ते युग्मनजाभोवती असते, जमिनीवर स्पोरोपोलेनिनच्या रूपात बीजाणूंभोवती, कारण वाऱ्यावर जायचे ते आता बीजाणूंनी.

ब्रायोफायटांत (मॉस आणि त्याचे सोबती) स्पोरोफाइट आयुष्यभर गॅमेटोफाइटवर (युग्मके देणाऱ्या एकगुणित पिढीवर) अवलंबून राहतो, नेच्यांत तो स्वतंत्र होतो आणि गॅमेटोफाइट नखाएवढ्या हृदयाकृती पानापुरता उरतो. ही पायऱ्यांची शिडी समजू नका. मर्केंशिया, मॉस आणि अँथोसिरॉस मिळून एक शाखा आणि संवहनी (पाणी वाहणाऱ्या नळ्या असलेल्या) वनस्पती दुसरी, असे आजचे चित्र आहे, म्हणजे मॉसपासून नेचे आले नाहीत. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत अ‍ॅग्लाओफायटन या आदिम वनस्पतीच्या दोन्ही पिढ्या सापडल्या आहेत, आणि त्यात गॅमेटोफाइटही उभा, खोडासारखा आहे. सुरुवातीच्या काही वनस्पतींत दोन्ही पिढ्या बऱ्यापैकी तोलामोलाच्या होत्या, मग एका शाखेत एक पिढी आखडली आणि दुसऱ्या शाखेत दुसरी.

परीक्षेपुरते सांगायचे तर, अभ्यासक्रमात फ्रिच किंवा व्हिटेकर यांची मांडणी असेल तर त्यांचे नाव आणि साल घालून तीच लिहा, आणि शेवटी दोन ओळींत आजची शाखा जोडा. जीवनचक्राच्या आकृतीत मायोसिसची जागा आधी ठरवा, बाकीचे बाण मग काढा. आणि सूक्ष्मदर्शक मिळाला की शिडी घातलेल्या स्पायरोगायराची काचपट्टी स्वतः करून बघा. पावसाळ्यानंतर आटत जाणाऱ्या उथळ पाण्यात ते सहज मिळते.